ऑस्ट्रेलियातील आदिवासींची श्रद्धा आणि जनगणनेतला धर्माचा रकाना

यारा_काठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण ४३.९ टक्क्यांवर आले. पाच वर्षांपूर्वी ते ५२.१ टक्के होते. 'धर्म नाही' असे लिहिणारे आता ३८.९ टक्के आहेत, मुसलमान ३.२ टक्के आणि हिंदू २.७ टक्के. हिंदूंच्या वाढीत आपल्या लोकांचाही वाटा असल्यामुळे या आकड्यांची इथल्या मराठी घरांत बरीच चर्चा झाली. मला मात्र वेगळ्याच आकड्याने विचारात पाडले. २०१६ च्या जनगणनेत इथले आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक यांपैकी ५४ टक्क्यांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले, ३६ टक्क्यांनी धर्म नाही असे लिहिले आणि पारंपरिक आदिवासी धर्म लिहिणारे २ टक्क्यांहूनही कमी निघाले.

नुसता हा आकडा पाहिला, तर ती श्रद्धा संपत आली असेच कोणीही म्हणेल. पण इथे राहताना तसे अजिबात जाणवत नाही. शाळेच्या कार्यक्रमापासून संसदेच्या अधिवेशनापर्यंत सगळ्याची सुरुवात त्या भूमीच्या मूळ रक्षकांचे स्मरण करून होते. 'भूमीशी असलेले आध्यात्मिक नाते' ही गोष्ट न्यायालये निकालपत्रांत विचारात घेतात. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या पवित्र खडकाजवळ आदिवासी प्रतिनिधींनी केलेल्या २०१७ च्या उलुरू निवेदनात तर आदिवासींचे सार्वभौमत्व हीच एक आध्यात्मिक कल्पना असल्याचे म्हटले आहे.

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मध्य ऑस्ट्रेलियातले अनंगू लोक ज्याला 'चुकुरपा' म्हणतात आणि इंग्रजीत ज्याला 'ड्रीमिंग' म्हटले जाते, त्यात पूर्वजांनी भूमी कशी घडवली याच्या कथा आहेत, कोणाचे लग्न कोणाशी व्हावे याचे नियम आहेत, कोणत्या पाणवठ्याची जबाबदारी कोणाकडे आहे याची वाटणी आहे, आणि ते पूर्वज आजही त्या त्या जागी आहेत अशी धारणा आहे. यातून फक्त 'धर्म' तेवढा वेगळा काढून रकान्यात भरणे मला अवघड वाटते.

माझा प्रश्न असा आहे की, चर्चमध्ये जाणारा किंवा स्वतःला निधर्मी म्हणवणारा आदिवासी माणूस जेव्हा आपल्या भूमीशी हे नाते सांगतो, तेव्हा त्याची श्रद्धा बदलली असे म्हणायचे, टिकली असे म्हणायचे, की आपली मोजपट्टीच चुकते आहे?

स्नेहल_प

विषय महत्त्वाचा आहे. ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

विवेकनिष्ठ

धागाकर्त्यांचा आदर राखून असहमती नोंदवतो. लोकांना मोकळेपणाने विचारले, उत्तर देण्याची सक्ती नव्हती, आणि तरीही ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी तो धर्म लिहिला नाही, तर त्यांचे उत्तर प्रमाण मानायला हवे. जे उरले आहे ती संस्कृती आहे, अस्मिता आहे आणि काही प्रमाणात राजकारणही आहे. या तिन्ही गोष्टी वाईट नाहीत, पण त्यांना श्रद्धा म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. 'वेलकम टू कंट्री', म्हणजे भूमीच्या मूळ रक्षकांनी पाहुण्यांचे स्वागत करण्याचा विधी, आज ज्या स्वरूपात आपण पाहतो, ते स्वरूप १९७६ मध्ये पर्थ इथे पाहुण्या नर्तकांच्या स्वागतासाठी ठरवले गेले. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचे ११६ वे कलम केंद्र सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करू देत नाही. मग सरकारी कार्यक्रमांत हे विधी कशासाठी?

मालती_परिचारिका

मी काही वर्षे ॲलिस स्प्रिंग्जच्या एका रुग्णालयात काम केले आहे, म्हणून लिहिते.

आमच्या वॉर्डात पित्जंतजारा भाषा बोलणाऱ्या एक आजी होत्या. गळ्यात क्रूस, उशाशी त्यांच्याच भाषेतल्या भजनांचे पुस्तक, आणि संध्याकाळी नातेवाईक जमले की सगळे मिळून चार आवाजांत भजने म्हणत. त्या भागात लुथेरन मिशनची परंपरा जुनी आहे. हर्मन्सबर्गचे मिशन १८७७ चे, आणि जर्मन मिशनऱ्यांनी आणलेली भजने तिथल्या बायका आजही स्वतःच्या भाषेत गातात. २०१५ मध्ये त्यांचे गायकवृंद जर्मनीत जाऊन तीच भजने गाऊन आले. अशा वातावरणातल्या या आजींच्या मुलीने एके दिवशी आमच्याकडे 'नंगकारी'ला, म्हणजे त्यांच्या पारंपरिक वैद्याला, आत येऊ देण्याची विनंती केली. तिकडच्या आरोग्यसेवेत नंगकारींना मान असतो, त्यामुळे परवानगी मिळायला अडचण आली नाही. ते आले, बराच वेळ आजींच्या पोटावरून हात फिरवत राहिले, काहीतरी उपसून काढावे तशी मूठ आवळली आणि ती बाजूला नेऊन झटकली. दुपारी पाद्री आले, त्यांनी प्रार्थना म्हटली. आमच्या सलाइनच्या बाटल्या चालूच होत्या. आजींना यांपैकी कशातही विसंगती वाटली नाही, आणि त्यांच्या मुलीलाही नाही.

आजी गेल्या त्यानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या क्षणापासून घरच्यांनी त्यांचे नाव उच्चारले नाही. आमच्या वॉर्डातल्या एका आदिवासी सहकारी मुलीचे नाव योगायोगाने तेच होते, तर ती मंडळी तिला 'कुमनजाई' म्हणू लागली. मृताच्या नावाच्या जागी हेच संबोधन वापरण्याची तिकडे रीत आहे आणि त्या नावाच्या जिवंत माणसालाही ते लागू होते. ती मुलगी काही न विचारता त्या नावाला ओ देऊ लागली. जनगणनेच्या कागदावर ही सगळी माणसे 'लुथेरन' म्हणून नोंदली गेली असतील, आणि ती नोंद खोटी नसेल.

विवेकनिष्ठ, तुम्ही संस्कृती आणि श्रद्धा यांच्यात जी रेघ ओढता, ती त्या वॉर्डात मला तरी कुठे सापडली नाही.

म्हापशेकर

मालतीताईंचे म्हणणे आम्हा गोंयकारांना लगेच पटेल. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला हिंदू भाविकही तेल घेऊन जातात. शतकांपूर्वी बाप्तिस्मा झाला म्हणून बहिणीचे नाते तुटले नाही. अर्थात ऑस्ट्रेलियात जे घडले त्याची क्रूरता वेगळ्या प्रतीची होती, म्हणून ही तुलना मी याहून पुढे नेत नाही.

उत्तरा_दे

म्हापशेकरांनी तुलना जिथे थांबवली तिथून मी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडकडे वळते, कारण धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत स्पष्ट उत्तर तिथल्या योल्ङू लोकांनीच देऊन ठेवले आहे.

१९५७ मध्ये एल्को बेटावर काही योल्ङू नेत्यांनी त्यांच्या अत्यंत गुप्त अशा 'रंग्गा' नावाच्या पवित्र वस्तू चर्चजवळ उघड्यावर मांडल्या. दीक्षा झालेल्या पुरुषांखेरीज कोणी पाहू नयेत अशा त्या वस्तू होत्या, आणि त्या सर्वांसमोर मांडण्याचा निर्णय खुद्द त्यांच्या रक्षकांनी घेतला होता. 'आमच्याकडेही मौल्यवान असे काही आहे, ते आम्ही तुमच्यापुढे ठेवतो, आता शिक्षण, रोजगार आणि स्वतःच्या कारभाराचा हक्क याबाबतीत तुम्ही आमच्याशी बरोबरीने वागा' असा त्यामागचा विचार होता. त्या मांडणीत क्रूसालाही जागा होती.

पुढे १९६२-६३ मध्ये यिर्काला इथल्या नव्या मेथडिस्ट चर्चसाठी धुवा आणि यिरित्जा या दोन्ही अर्ध्या समाजांच्या ज्येष्ठांनी दोन भव्य फलक रंगवले. योल्ङू जगात माणसे, प्राणी, वारे, जमीन सगळे या दोहोंत विभागलेले असते. प्रत्येक कुळाने आपापल्या पूर्वजांच्या प्रवासाचा भाग आपल्याच अधिकारातल्या नक्षीने रंगवला आणि ते फलक वेदीच्या दोन बाजूंना उभे राहिले. ज्या वर्षी ते पूर्ण झाले त्याच वर्षी, १९६३ मध्ये, बॉक्साइटच्या खाणीसाठी त्यांची जमीन विचारल्याशिवाय काढून घेतल्याबद्दल योल्ङूंनी झाडाच्या सालीवर चिकटवलेले आणि भोवती चित्रे रंगवलेले अर्ज संसदेला पाठवले. चर्चमधले फलक आणि संसदेतला अर्ज या दोन्हींत त्यांचे म्हणणे एकच होते, की ही भूमी कोणाची आहे हे या चित्रांत लिहिलेले आहे.

खेदाची गोष्ट अशी की ते फलक पुढे सत्तरच्या दशकात चर्चमधून काढून टाकले गेले, कारण काहींना त्यांत मूर्तिपूजा दिसली. आज ते यिर्कालाच्या कलाकेंद्रात जपले आहेत. म्हणजे दोन श्रद्धा एकत्र नांदवणे योल्ङूंना जमले होते. ते इतरांना सहन झाले नाही.

कृत्तिका_रोहिणी

उत्तराताई, उत्तम माहिती. मला एका साम्याकडे लक्ष वेधायचे आहे. मध्य आणि पश्चिम वाळवंटात सात बहिणींची कथा आहे. एक पुरुष त्यांचा पाठलाग करतो, त्या पळत पळत वाळवंट ओलांडतात आणि शेवटी आकाशात जातात. त्याच आपल्या कृत्तिका. आपल्याकडेही सप्तर्षींच्या सात पत्नींपैकी सहा जणी कृत्तिका झाल्याची कथा आहे. ते लोकही निसर्गपूजक, आपणही निसर्गपूजक. मला तर ते आपलेच वाटतात.

उत्तरा_दे

कृत्तिका, तुमच्या आपुलकीबद्दल शंका नाही, पण 'ते आपलेच' या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही. आकाशातला तारकापुंज सगळ्यांना सारखाच दिसतो. सात बहिणींची कथा मात्र जमिनीवर घडते. त्या कुठे थांबल्या, कुठे खणून पाणी काढले, कुठे लपल्या, त्या प्रत्येक जागेचे गाणे आहे आणि गाण्यांच्या त्या ओळी पाणवठ्यांचा नकाशाही आहेत. एका कुळाच्या हद्दीपर्यंतचा भाग ते कूळ गाते, पुढचा भाग गाण्याचा अधिकार पुढच्यांचा. बराचसा भाग आपल्याला सांगितलेलाही नाही, आणि तो आपल्याला सांगायचा की नाही हे त्यांनी ठरवायचे आहे.

आपल्या आणि त्यांच्या श्रद्धेत एक मूलभूत फरक मला दिसतो. आपले देव आपल्याबरोबर प्रवास करतात. सिडनीजवळ हेलेन्सबर्गला १९८५ मध्ये वेंकटेशाची प्रतिष्ठापना झाली आणि तिरुपतीपासून हजारो मैलांवर त्याची पूजा यथासांग सुरू झाली. ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध, शीख या सर्वांचे तसेच आहे. इथली बहुसंस्कृती ज्या धर्मांनी बनली आहे ते सगळे प्रवासी धर्म आहेत. उलुरूच्या पायथ्याशी मुतिजुलू पाणवठ्याजवळ कुनिया या अजगर-स्त्रीने आपल्या भाच्याचा सूड घेतला, तिच्या घावांच्या खुणा त्या कड्यावर आहेत, आणि ती कुनिया दुसरीकडे नेऊन बसवता येत नाही. खडक फोडला, तर पुन्हा प्रतिष्ठापना नाही. म्हणूनच २०२० च्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरात लोखंडाच्या खाणीसाठी जूकन घळीतली, ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वावराच्या खुणा असलेली गुहा सुरुंगाने उडवली गेली, आणि तीही तेव्हाच्या कायद्यानुसार रीतसर परवानगी घेऊन, तेव्हा तिथल्या आदिवासींचे जे गेले त्याला 'वारसा' हा शब्द फार अपुरा आहे.

शंतनू_वकील

उत्तरा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला कायद्याची बाजू जोडतो, कारण श्रद्धा बदलली की टिकली हा प्रश्न इथे केवळ चर्चेचा नाही. त्यावर जमिनीची मालकी ठरते.

१९७१ मध्ये यिर्कालाच्या योल्ङूंचा खटला फेटाळताना न्यायमूर्तींनी त्यांचे भूमीशी असलेले धार्मिक नाते मान्य केले, पण ते मालमत्तेचे नाते नाही असे म्हटले. आदिवासींचा जमिनीवरचा मूळ हक्क मान्य करणाऱ्या १९९२ च्या माबो निकालाने ते चित्र पालटले आणि १९९३ मध्ये या मूळ हक्कांचा कायदा आला. पण या कायद्यात एक अट आहे. पूर्वापार चालत आलेले नियम आणि रूढी इंग्रजांच्या आगमनापासून आजवर अखंड पाळल्या गेल्याचे दाखवावे लागते. मरे आणि गोलबर्न नद्यांच्या काठच्या योर्ता योर्ता लोकांना २००२ मध्ये सर्वोच्च पातळीवर याच अटीवर हार पत्करावी लागली. खालच्या न्यायालयाने त्यांच्या ज्येष्ठांच्या तोंडी साक्षींपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या एका गोऱ्या मेंढपाळ जमीनदाराच्या लेखनाला अधिक वजन दिले आणि पूर्वजांनी १८८१ मध्ये शेतीसाठी जमीन मागणारा अर्ज केला, हे परंपरा सोडल्याचे लक्षण मानले. ज्यांना मिशनमध्ये ठेवले, ज्यांची भाषा बंद केली, त्यांनाच 'तुम्ही बदललात' असे सांगून हक्क नाकारणे हा मला घोर अन्याय वाटतो.

विवेकनिष्ठ यांनी ११६ व्या कलमाचा उल्लेख केला आहे. त्याच कलमाचा आधार घेऊन सरकारने लहानपणी घरातून पळवून नेलेल्या आदिवासी पिढीतल्या काहींनी दाद मागितली होती, की आम्हाला घरापासून तोडून आमचे धर्मस्वातंत्र्य हिरावले. १९९७ मध्ये ती मागणी फेटाळली गेली, कारण संबंधित कायद्याचा हेतू धर्म रोखण्याचा होता असे न्यायालयाला वाटले नाही. म्हणजे ज्यांच्या श्रद्धेवर सर्वांत मोठा घाला पडला, त्यांना ते कलम उपयोगी पडले नाही.

अलीकडे मात्र दिशा थोडी बदलली आहे. उत्तरेकडच्या टिंबर क्रीक गावाच्या खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांस्कृतिक, म्हणजे मुख्यतः आध्यात्मिक, हानीसाठी १३ लाख डॉलरची भरपाई कायम केली. डिंगो पूर्वजाच्या मार्गावर पाण्याच्या टाक्या बांधल्या गेल्या होत्या, आणि त्या जागेचे आपण रक्षण करू शकलो नाही याचे दुःख व लाज ज्येष्ठांनी साक्षीत सांगितली होती. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले, की परदेशात जन्मलेला आदिवासी माणूसही या देशात 'परका' ठरत नाही, आणि त्यामागे भूमीशी असलेल्या या नात्याचाच विचार होता. जनगणनेत त्या माणसाने कोणता धर्म लिहिला होता हे कोणी विचारले नाही.

विवेकनिष्ठ

शंतनू, तुमचा प्रतिसाद विचार करायला लावणारा आहे आणि योर्ता योर्ता निकालाबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. माझी मूळ शंका मात्र कायम आहे. श्रद्धा तपासता येत नसेल आणि तिचा काही भाग गुप्तच असेल, तर सार्वजनिक निर्णय तिच्यावर कसे आधारायचे? हिंडमार्श बेटाच्या पुलाचे प्रकरण आठवा. स्त्रियांच्या गुप्त ज्ञानाचा दाखला देऊन पुलाला विरोध झाला आणि १९९५ मध्ये चौकशी आयोगाने ते ज्ञान बनावट ठरवले. आणि अंतर्गत प्रश्नांचे काय? एखाद्या तरुण आदिवासी मुलीला जुने निर्बंध नको असतील, तर तिच्या बाजूने कोण बोलणार?

शंतनू_वकील

हिंडमार्श प्रकरणाचा उत्तरार्धही सांगायला हवा. २००१ मध्ये फेडरल न्यायालयाने सर्व पुरावा पुन्हा ऐकला आणि ते ज्ञान बनावट असल्याचे आपल्याला पटले नाही असा निर्णय दिला. तोवर पूल झाला होता.

मालती_परिचारिका

विवेकनिष्ठ, त्या तरुण मुलीच्या बाजूने ती स्वतः बोलते. मी ज्या आदिवासी सहकाऱ्यांबरोबर काम केले, त्या घरातल्या ज्येष्ठांशी वादही घालत आणि 'सॉरी बिझनेस' म्हणजे मयताचे विधी असले की हजार किलोमीटर गाडी चालवत गावीही जात. आपण जसे परंपरेशी भांडत भांडत तिच्यात राहतो, तसा त्यांनाही हक्क आहे.

पळवून नेलेल्या पिढीबद्दल एक जोडते. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालानुसार १९१० ते १९७० या काळात दर दहांपैकी किमान एक आणि काही ठिकाणी तीनांपैकी एक मूल घरातून उचलले गेले. अशा कित्येकांना आपले पूर्वज कोणत्या भूमीचे हेच ठाऊक नाही. त्यांच्यासाठी श्रद्धा म्हणजे आधी तो शोध आहे. त्यांनी जनगणनेत 'धर्म नाही' लिहिले, तर त्यामागे नास्तिकताच असेल असे मी गृहीत धरणार नाही. ज्या मिशनने घरातून तोडले त्याचे नाव लिहायचे नसेल, इतकेही कारण पुरेसे आहे.

सह्यकडा

रकान्याचा प्रश्न आपल्याकडेही आहे. २०११ च्या भारतीय जनगणनेत वेगळा रकाना नसताना ४९ लाखांहून अधिक लोकांनी 'इतर' मध्ये 'सरना' हा आदिवासी धर्म लिहिला, आणि झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतंत्र रकान्याचा ठराव केला. तिथे लोक रकाना मागत आहेत, ऑस्ट्रेलियात रकान्यात लिहिण्याची सोय असून लोक तो वापरत नाहीत. दोन्ही ठिकाणी निर्णय त्या लोकांचा असावा, एवढे मला महत्त्वाचे वाटते.

मंडळ_कार्यकर्ता

चर्चा मनापासून वाचली. मी मेलबर्नच्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सव समितीत आहे, म्हणून दोन व्यावहारिक प्रश्न विचारतो. उत्सवाच्या आरंभी 'वेलकम टू कंट्री' ठेवावे असे काही तरुण सभासदांचे म्हणणे आहे, तर काही ज्येष्ठांना पूजेत दुसऱ्या श्रद्धेचा विधी मिसळणे बरोबर वाटत नाही. आणि विसर्जन नदीत करावे काय?

यारा_काठचा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आधी समितीचे उत्तर देतो, कारण माझ्या मूळ प्रश्नाचा उलगडा मला त्यातच दिसतो.

'वेलकम' फक्त त्या भूमीचे परंपरागत रक्षक करू शकतात; मेलबर्नच्या बऱ्याच भागासाठी ते वुरुंजेरी लोक आहेत. आपण स्वतः करू शकतो ते 'ॲक्नॉलेजमेंट', म्हणजे त्यांच्या भूमीवर आहोत याची जाहीर नोंद. वेलकमसाठी त्यांच्या संस्थेकडे बरेच आधी लेखी विनंती करावी, मानधन द्यावे आणि येणाऱ्या ज्येष्ठांना पुरेसा वेळ द्यावा. त्यांचे झाल्यावर लगेच ढोल-ताशा सुरू करू नये. १९७६ मध्ये या विधीला आजचे रूप आले हे विवेकनिष्ठ यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु दुसऱ्याच्या भूमीत शिरताना परवानगी घेण्याची आणि धुराने पाहुण्याला शुद्ध करण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे. रूप नवे झाले, कर्तव्य जुनेच राहिले. उलुरूवर चढू नका असे अनंगू लोक कितीतरी वर्षे पाहुण्यांना विनवत होते; ऑक्टोबर १९८५ मध्ये जमीन परत मिळाली, तिथे त्यांचे बहुमत असलेले मंडळ आले आणि त्या मंडळाने ठराव करून ऑक्टोबर २०१९ मध्ये चढाई बंद केली. मंडळ, ठराव, बहुमत ही सगळी साधने आधुनिक आहेत आणि त्यांनी पाळलेला नियम चुकुरपातला आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी स्वतः ठरवून केलेल्या बदलाला मी ऱ्हास म्हणणार नाही. जनगणनेचा रकाना माणूस कोणत्या मंडळीत बसतो ते विचारतो. तो कोणत्या जागेला उत्तरदायी आहे हे विचारतच नाही.

ज्येष्ठ सभासदांना सांगावे, की हा आपल्या पूजेत मिसळायचा विधी नाही. पूजा आपलीच राहील. ज्यांच्या अंगणात ती मांडतो त्यांची परवानगी तेवढी आधी घ्यायची आहे.

विसर्जनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. यारा नदीला वुरुंजेरी लोक बिररंग म्हणतात, आणि व्हिक्टोरियाच्या २०१७ च्या कायद्याने तिला एक अखंड, सजीव अस्तित्व मानले आहे. त्या कायद्याच्या नावात आणि प्रस्तावनेत त्यांची वोई-वुरुंग भाषा आहे. मूर्ती शाडूची असली, तरी नदीच्या रक्षकांना विचारल्याशिवाय तिच्यात काही सोडू नये. त्यांनी नको म्हटले तर ते मानावे.

विवेकनिष्ठ

श्रद्धा या शब्दावर माझा आक्षेप राहीलच. परवानगी घेण्याच्या मुद्द्यावर माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मंडळ_कार्यकर्ता

धन्यवाद. पुढच्या सभेत दोन्ही ठराव मांडतो. यंदा विसर्जन हौदात करण्याचा प्रस्ताव ठेवतो आहे, आणि वेलकमसाठीचे मानधन अंदाजपत्रकात वेगळे दाखवायला खजिनदारांना सांगितले आहे.